गाठीचं जळण

लाकडं फोडून झाली की अंगणात दोन ढीग पडतात. एक सरळ फाटींचा. तो पडवीच्या भिंतीला लावून रचला की ओळीनं उभा राहतो, आणि येणारा-जाणारा थांबून म्हणतो, यंदाची बेगमी चांगली झाली हो. दुसऱ्या ढिगाकडे कुणी बघत नाही. त्यात कुऱ्हाडीला दाद न दिलेले गाठाळ ओंडके असतात, दोन फांद्या फुटतात तिथली बेचकी असतात, बुंध्याचे आणि मुळांचे वेडेवाकडे तुकडे असतात. सालीचे पोपडे, ढलप्या, भिरुडानं पोखरलेलं एखादं खोडकं, मोळीत बसायला आखूड पडलेली लाकडं, असं सगळं तिथं येऊन पडतं. आमच्या दापोली तालुक्यात मृग लागायच्या आधी, आगोटीच्या गडबडीत, चूल पेटणाऱ्या प्रत्येक घरी हे दोन ढीग असतात.

मला ओढ आहे ती या दुसऱ्या ढिगाची. सरळ फाटं कुणीही चुलीत सारील, त्याला विचार लागत नाही. वाकड्या तुकड्याला मात्र त्याची जागा शोधून द्यावी लागते, आणि ती शोधायची तर लाकूड कुठल्या झाडाचं, आग किती वेळ हवी, घरात आज काय शिजायचं आहे, हे सगळं एकदम डोक्यात असावं लागतं. माझ्या आत्याच्या डोक्यात ते असतं. ती ढिगापाशी येते, वाकते, एक तुकडा उचलून तळहातावर तोलते आणि बाजूला ठेवते. कशासाठी, ते ती सांगत नाही. दोन दिवसांनी तो तुकडा नेमक्या कामाला आलेला दिसतो. शाळेत न शिकवलेलं हे शहाणपण आहे आणि कोकणातल्या बायकांनी ते पिढ्यान् पिढ्या सांभाळलं आहे. कुणी ते लिहून ठेवलं नाही, म्हणून मला लिहावंसं वाटतं.

गाठ म्हणजे खोडानं पोटात घेतलेली फांदी. झाड कोवळं असताना फांदी गाभ्यापासून फुटते. पुढे खोड वर्षावर्षानं जाड होत जातं आणि फांदीचं बूड त्याच्या आत बुडत जातं. खोडाचे तंतू खालून वर सरळ निघालेले असतात; ओढ्याचं पाणी खडकाला वळसा घालून जातं तसे ते फांदीच्या दोन्ही बाजूंनी वळतात आणि वर जाऊन पुन्हा मिळतात. ऐनाच्या ओंडक्याची कापलेली बाजू ओल्या फडक्यानं पुसून उन्हात धरावी, म्हणजे हे सगळं स्वच्छ दिसतं. मधे काळपट डोळा, त्याच्याभोवती तपकिरी कडी, आणि ती कडी एका अंगाला रुंद, दुसऱ्या अंगाला अरुंद. आडव्या फांदीला आपलं ओझं स्वतःच पेलायचं असतं, म्हणून आंबा, फणस, ऐन असल्या झाडांत ती वरच्या अंगानं जास्त लाकूड धरते. बेचक्याचं त्याहून वेगळं. तिथं दोन्ही फांद्यांचे तंतू एकमेकांत विणलेले असतात. वादळात झाड फाटू नये म्हणून ती वीण झाडानं केलेली असते, आणि झाड आडवं झालं तरी ती सुटत नाही. कुऱ्हाड तिथं अडकते ती यामुळे.

आमच्याकडे लाकडं फोडायला येणारे दादा अशा ओंडक्याच्या मधोमध कधी घाव घालत नाहीत. आधी त्याच्याभोवती एक फेरी मारतात. वाळताना पडलेले तडे कुठल्या दिशेला गेलेत ते बघतात, पायानं ओंडका अर्धवट फिरवतात, मग कडेला, गाठ चुकवून, बारीक ढलपी काढतात. मग तिच्या शेजारची. असं कडेकडेनं सोलत सोलत गेलं की मधे गाठ एकटी उरते, नारळाएवढी, कधी कलिंगडाएवढी. मोठ्या बुंध्याला पहारीनं फट पाडून तीत लोखंडी पाचर बसवतात आणि घणाचे ठोके देतात. सुरुवातीला ठोक्यांचा आवाज कोरडा येतो. मग तो बदलतो, खोल जातो, आणि त्यानंतर लाकूड आतून करकरायला लागतं. त्या करकरीनंतर दादा थांबतात. एक विडी होईपर्यंत पाचरीला तिचं काम करू देतात. काही ओंडके तेही मानत नाहीत. ते बाजूला लोटून दादा आत्याला म्हणतात, "काकू, ह्याला अजून दोन म्हैने ऊन खाऊ द्या. मग बघू."

ऊन खाणं महत्त्वाचं. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात अर्ध्याच्या आसपास पाणी असू शकतं. चुलीत घातलं की आधी ते पाणी उकळून जायला हवं, आणि एक किलो पाण्याची वाफ व्हायला 540 किलोकॅलरी उष्णता खर्ची पडते. ही उष्णता भाताच्या वाट्याची असते. ओल्या लाकडाच्या टोकाला फेस येतो, सूं सूं आवाज होतो आणि घरभर धूर कोंडतो, तो हा खर्च. उन्हात नीट वाळलेल्या लाकडात पाणी 15 ते 20 टक्क्यांवर येतं. सरळ चिरफळ्या दोन महिन्यांच्या उन्हात वाळतात, कारण चिरल्यावर त्यांचं अंग सगळीकडून उघडं होतं. गाठाळ ओंडका वाळत नाही, कारण तो चिरलेलाच नसतो. वरून खडखडीत आणि आत ओल. म्हणून आत्या दोन तुकडे एकमेकांवर आपटून आवाज ऐकते. टण्ण वाजलं तर चालेल, भद्द वाजलं तर परत उन्हात. आणि पावसाळ्यात कोकणातली हवाच इतकी ओली, की वाळलेलं लाकूडही पुन्हा ओल धरतं. त्यामुळे हाताशी लागणारे तुकडे चुलीच्या वरच्या माळ्यावर धुरात राहतात.

मग आगीचा क्रम. सकाळी पेटवायला माडाची चुडतं, करवंट्या, सालीचे पोपडे. भाताला आणि पेजेला सरळ फाटी, कारण तिथं ज्वाळ हवी आणि ती हवी तेव्हा मागे ओढता आली पाहिजे. ज्वाळ म्हणजे खरं तर लाकूड जळत नसतं. तापलेल्या लाकडातून निघालेले वायू जळत असतात. लाकडाच्या वजनाचा मोठा भाग असा वायू होऊन जातो आणि मागे राहतो तो कोळसा, निखारा. गाठीचं लाकूड घट्ट. त्यातून वायू हळूहळू सुटतो, ज्वाळ बेताची राहते आणि निखारा पुष्कळ वेळ टिकतो. हे गणित आत्या या शब्दांत मांडणार नाही, पण मे महिन्यात आमरस आटवायला बसली की ती सरळ फाटीला हात लावत नाही. रस मोठ्या ज्वाळेवर तळाला लागतो आणि एकदा लागला की सगळ्या रसाला करपट वास येतो. त्याला सारखी, दमाची, न भडकणारी आच हवी. ती देणारा आंब्याचाच एखादा गाठाळ तुकडा तिनं माघापासून राखून ठेवलेला असतो. लोणी कढवायला तसाच एक लहान. आणि रात्री, भांडी आवरल्यावर, एक मोठी गाठ निखाऱ्यात सारून वर राखेचा जाड थर. राखेखाली तिला हवा जेमतेम मिळते, ती जळून संपत नाही आणि विझतही नाही. पहाटे राख बाजूला केली की खाली लाल. काडेपेटी जपून वापरायच्या काळात शेजारपाजारचे गोवरीवर विस्तव न्यायला यायचे तो अशाच गाठीचा.

न्हाणीघरातला तांब्याचा बंब तर आखूड तुकड्यांसाठीच घडवला असावा, असं मला नेहमी वाटतं. पोट पाण्याचं, मधोमध उभी नळी, नळीच्या तळाला जाळी आणि तिच्याखाली राखेची जागा. जळण वरून नळीत सोडायचं. लांब फाटं तिथं कामाचं नाही, ते वर डोकं काढून धुमसत राहतं. वीतभर तुकडा हवा, नळीत सरळ उतरणारा. चुलीशी आडवी-तिडवी बसणारी खोडकी, ढलप्या, सुपारीच्या विऱ्यांची वळकटी, नारळाची सोडणं, भिरुडानं चाळणी केलेलं लाकूड, सगळं बंब गिळतो. खालून हवा, वरून तोंड, त्यामुळे ओढ चांगली लागते आणि पोखरलेलं लाकूड, जे चुलीत भसकन जळून जातं, ते इथं भराभर पाणी तापवून मोकळं होतं. आत्या गाठी घेताना बंबाचं झाकण काढून आधी मापून बघते. अडकली तर सगळीच आग अडते. पावसाळ्यात घरातली सगळी माणसं आंघोळ उरकतात ती त्या ढिगावर, ज्याच्याकडे कुणी बघितलेलं नसतं.

काही लाकडं मात्र ढिगातून वेगळी काढायलाच लागतात. बिब्ब्याचं लाकूड चुलीत जात नाही. त्याच्या चिकानं अंग उततं आणि धूरही बाधतो. बांबूचा पेरं शाबूत असलेला तुकडा आगीत फुटतो, कारण पेराच्या आत कोंडलेली हवा आणि वाफ बाहेर पडायला वाट मागते. तो आधी चिरून घ्यायचा. जुन्या खिडकीचं रंग लावलेलं लाकूड किंवा प्लायवूड स्वयंपाकाच्या आगीत नको. वड, पिंपळ, उंबर श्रद्धेनं वगळलेले. आणि पांगारा वगळायचा कारण तो जळण म्हणून अगदी हलका, हां हां म्हणता राख होणारा. पण याच पांगाऱ्याच्या मऊ, हलक्या लाकडावर सावंतवाडीच्या चितार आळीतल्या कारागिरांचे हात बसले. तिथली लाकडी फळं, भातुकली, बाहुल्या जुन्या काळापासून त्याच लाकडाच्या. चुलीनं नाकारलेल्या झाडाचा आंबा आणि सीताफळ होऊन कुणाच्या तरी दिवाणखान्यात वर्षानुवर्षं राहतं, याचा मला मनापासून आनंद होतो.

ढिगाच्या तळाशी जे उरतं त्याचीही वाट लावलेली असते. बारीक शिरडं आणि पातेरा चैत्र-वैशाखात शेतात जातो. भाताच्या रोपांच्या जागेवर शेण, पाला, शिरडं यांचे थर देऊन राब भाजतात. जमीन तापते, तणाचं बी मरतं आणि राख खाली उतरते. शिमग्याला वाडीतली पोरं लाकडं मागत दारोदार येतात. कुणी दिली नाहीत तर अंधारात उचलतात, आणि घरमालक जो ओरडा करतो तो सणापुरता. पोरांनाही सरळ फाटी नकोच असतात. फाटी दोन घटकांत जळून जातात, होळी रात्रभर धगधगायची तर बुंधे हवेत.

आणि मग स्मशान. आमच्याकडे कुणी गेलं की वाडीतल्या घराघरांतून लाकूड जातं. कुणी बोलावत नाही, कुणी मोजत नाही. एका चितेला 300-400 किलो लाकूड सहज लागतं आणि एका घराच्या पडवीत ते निघेलच असं नाही. खालच्या थराला जाड, गाठाळ ओंडके लावतात, कारण सगळं ओझं त्यांनी तोलायचं असतं आणि शेवटपर्यंत धग त्यांनी धरायची असते. मी पाहिलंय, अशा वेळी आत्या क्षणभरही न घोटाळता दुसऱ्या ढिगातले दोन भारी तुकडे दाखवते. ते तिनं केव्हापासून बाजूला ठेवले होते, हे मी तिला कधी विचारलेलं नाही.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं आणि आमच्या पट्ट्यात सगळंच दुसरा ढीग होऊन गेलं. ताशी 100 किलोमीटरच्या पुढचा वारा श्रीवर्धन, दिवेआगर, मंडणगड, दापोली असा फिरला. केळशी, आंजर्ले, मुरूड, हर्णै, सगळ्या वाड्यांत माड मोडले, पोफळी ओळीनं लवल्या, जुने आंबे आणि फणस मुळासकट उपटून घरांवर, वाटांवर, विहिरींवर पडले. कौलं उडाली, पत्रे उडाले, कित्येक गावांत आठवड्यांमागून आठवडे वीज नव्हती. ज्यांनी चूल मोडून ओटा बांधला होता त्यांनीही अंगणात तीन दगड मांडले. आणि गंमत म्हणायला जीभ धजत नाही, पण चहूकडे इतकं लाकूड पडलेलं असताना पेटवायला सुकी काटकी नव्हती. मृग चार दिवसांवर. जे पडलं होतं ते ओलं, जे साठवलं होतं त्याच्यावरचं छप्पर गेलेलं. दोन वेळची चूल निभावली ती माळ्यावर धुरात ठेवलेल्या तुकड्यांवर आणि राखेत दाबलेल्या गाठींवर.

पुढचे कित्येक महिने वाड्यांतून लाकूड उपसणं चाललं. सरळ सोट गेले पहिल्यांदा. व्यापारी आले, ट्रक आले, आंब्या-फणसाची जाड खोडं पडेल त्या भावानं गेली, कारण बागायतदाराला वाडी मोकळी करायची घाई होती. मागे राहिले बुंधे. मुळांचा विस्तार वर करून पडलेले, माती आणि दगड आवळून बसलेले. त्यांना कुणी हात लावीना. मुळांतल्या दगडावर करवतीचे दात जातात. माडाच्या खोडांचा प्रश्न आणखीच वेगळा. माडाला आंब्यासारखी वर्षाची कडी पडत नाहीत. तो बाहेरून कडक, आतून भुसभुशीत, सगळा धाग्यांचा. त्याची सरळ चिरफळी निघत नाही आणि पावसात पडला की पाणी पिऊन जड होतो. ते तुकडे वाड्यांच्या कडेला पडून राहिले. कुणी पऱ्ह्यावर साकवासारखे टाकले, कुणी बांधाला आधाराला लावले, बाकीच्यांवर श्रावणात अळंब्या उगवल्या. पन्नास-साठ वर्षं जपलेली झाडं होती ती. एकेका माडावर घरातल्या कुणाच्या तरी शिक्षणाचा खर्च निघालेला होता. त्यांच्या बुंध्यांतून मार्ग काढत परसाकडे जायचं, हे ज्यांनी भोगलं त्यांना उरलेल्या लाकडाविषयी नुसतं हळवं होऊन बोलता येणार नाही.

धुराबद्दलही बोललं पाहिजे. घरातल्या चुलींच्या आणि शेगड्यांच्या धुरामुळे 2020 साली जगात सुमारे 32 लाख माणसं अकाली गेली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. माझ्या आजीचा खोकला त्या आकड्यांच्या जातीचाच होता. 1 मे 2016 ला उज्ज्वला योजना सुरू झाली, गॅस खेड्यापाड्यांत पोचला, हे फार चांगलं झालं. सिलिंडर भरून आणायचा खर्च परवडेना म्हणून पुन्हा चुलीशी जाणाऱ्या बाईला तो परवडेल असं काही व्हायला हवं, असं मला कळकळीनं वाटतं. आत्याचा रोजचा स्वयंपाक आता गॅसवर आहे. चूल परसात, उघड्यावर, आमरसाला आणि आठळ्या उकडायला. वाकड्या लाकडाची जाण टिकावी, पण ती कुणाच्या फुप्फुसांवर टिकू नये.

ही जाण अगदी आधुनिक कामालाही लागते. देशावर ऊस तुटला की शेतात पाचट उरतं. त्याला ना आकार ना वजन. पुष्कळ ठिकाणी ते जागच्या जागी पेटवून देतात. पुण्याच्या डॉ. आनंद कर्वे यांच्या आरती या संस्थेनं त्याच पाचटाचा भट्टीत कोळसा केला, त्याची भुकटी खळीत मळली आणि दाबून कांड्या केल्या. त्या कांड्या जवळजवळ बिनधुराच्या जळतात. 2002 साली या कामाला इंग्लंडचा अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. पाचटाकडे बघताना कुणीतरी आत्यासारखंच वाकून, तळहातावर तोलून बघितलं होतं, असं मला ते वाचताना वाटलं.

यंदा मे महिन्यात आत्याचा नातू पुण्याहून आला होता. ढिगाशी बसून त्यानं तुकड्यांचे वाटे केले. बंबाचे, आमरसाचे, राखेत दाबायचे. दोन-तीनदा आत्यानं त्याचा तुकडा इकडून तिकडे सरकवला, बाकी काही बोलली नाही. दादांनी वाकडी म्हणून न फोडता टाकलेली किंजळीची एक लांब फांदी त्यात होती, टोकाला बेचकं असलेली. आत्या म्हणाली, दोन तुकडे करून बंबात. तो म्हणाला, "आजी, थांब ना जरा," आणि ती घेऊन परसात गेला. तिथं सफेद वेलची केळीचा घड ओझ्यानं कलला होता. बेचक्यात त्यानं केळीचं खोड घेतलं, साल कापू नये म्हणून मधे सोडणाचा तुकडा घातला आणि बूड जमिनीत रोवलं. आत्यानं केळ हलवून पाहिली. घड उतरला की लाकूड परत ढिगात यायला हवं, असं तिचं म्हणणं. शेजारी दुसरी केळ पोसवायला आलीय, तिला लागेल, असं त्याचं. अजून त्यांचं ठरायचं आहे.